कपाळावरचं बोट

दादाला घेऊन बाजारात जायचं तर आधी मला माझ्या जिभेला आवर घालावा लागतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, जन्मापासून ऐकू न येणारा आणि त्यामुळं न बोलणारा. त्याच्या लहानपणी बहिऱ्या मुलांची शाळा कुठंतरी लांब होती आणि आईनं त्याला लांब पाठवला नाही. गावात त्याला मुका म्हणतात. त्याच्या तोंडावर म्हणतात कारण त्याला ऐकू येत नाही, माझ्याही तोंडावर म्हणतात, त्याला काही कारण नाही. तो आणि आई कुंडलला राहतात. माझं सासर पलूस, इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात मी काम करते. बाजाराच्या दिवशी ते दोघं एस.टी.नं येतात, मी काम उरकून स्टँडवर जाते आणि आम्ही तिघं मिळून बाजार करतो. वडील होते तेव्हा तेही यायचे, पण चहाच्या गाड्याच्या पुढं ते कधी गेले नाहीत.

जिभेचा धडा मला सांगलीत मिळाला. दादाच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही तिथल्या सरकारी दवाखान्यात खेपा घालत होतो. एका खेपेला एका तरुण मॅडमनी आम्हाला समोर बसवलं आणि खाणाखुणा करून, चित्रं दाखवून दादाला काय काय विचारलं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं. शेतात जाता का? हो, रोज. चहा आवडतो का? हो, दोन्ही वेळा. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

‘‘ताई, मी त्यांना विचारतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाहेर गेल्यावर लोक तुमच्याकडं बघणार. तुम्ही दादांकडं बघा. अर्धं पाऊल मागं उभ्या राहा, आणि थांबा.’’

मला राग आला. चाळीस वर्षं ह्याच्या वतीनं मी बोलतेय आणि ही कालची पोर मला मागं उभं राहायला सांगते. परतीच्या एस.टी.त मी धुमसत बसले होते. पण मग मनात आलं की दादाला चहा खरंच आवडतो का, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. घरी गेल्यावर विचारलं. आवडत नव्हता. इतकी वर्षं समोर येतो म्हणून पीत होता.

तेव्हापासून बाजारात मी मागं उभी राहायला लागले. सोपं नव्हतं. मी दुसऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन पुरं करणारी बाई आहे, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, आईच्याच वयाची, मोकळ्या कपाळाची, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली. तिनं मला विचारलं, ‘‘ह्यास्नी काय पायजे?’’ मी दादाकडं बघितलं. मागची बाई पिशवीनं ढोसत होती. दादानं बोटाच्या टोकाला चिमटा काढून हात झटकला, काटा टोचल्यासारखा, आणि मग मूठ गोल वळवली.

‘‘काटंरी वांगी व्हय?’’ भाजीवाली हसली. ‘‘मग तसं सांगायचं की.’’

‘‘सांगितलं की त्यांनी,’’ मी म्हणाले.

पुढच्या बाजारी तिनं दादाला बघूनच बोटाला चिमटा काढला. दादा इतका खूश झाला की गरज नसताना वांगी घेऊन आला. मला फार अभिमान वाटला. दादाचा नाही, माझा. शाळेत चार जणींना मी ही गोष्ट रंगवून सांगितली.

दादाची भाषा कुठल्या पुस्तकातली नाही. घरात बनलेली, घरापुरती. वडील फौजेत होते म्हणून वडील म्हणजे कपाळाच्या कडेला सॅल्यूट. मी म्हणजे वेणीला हिसका, माझे केस खांद्यापर्यंत आले तरी मी वेणीच राहिले. आमची चुलती मिश्री लावते, म्हणून चुलती म्हणजे दातांवर घासणारं बोट. तिला ते मुळीच आवडत नाही, पण मिश्रीही सुटत नाही. सांगली म्हणजे दंडाला टोचलेली सुई. आणि आई म्हणजे दोन भुवयांच्या मधोमध टेकवलेलं बोट.

ही खूण त्याला कुणी शिकवली नव्हती. आई सांगायची, तो कडेवर होता तेव्हा तिच्या कपाळावरच्या कुंकवात बोट घालायचा. आई मेण लावून वर कुंकू लावायची, ठसठशीत. ते विसकटलं की ती रागवायची, मग तो लाल झालेलं बोट स्वतःच्या कपाळाला लावायचा. एके दिवशी ती परसात होती, हा घरात उठला, ती दिसेना म्हणून रडत बाहेर आला आणि चुलतीसमोर उभा राहून कपाळावर बोट टेकवून ‘आँ’ असा ओरडला. चुलतीला लगेच कळलं. त्याचा पहिला शब्द तो. पुढंही ते बोट आणि तो आवाज जोडीनंच यायचे. एरवी दादा आवाज करत नाही. ढोपर फुटलं तरी नाही. आईला हाक मारतानाच तेवढा त्याच्या गळ्यातून जाड, खरखरीत आवाज निघायचा आणि शिवारात दोन बांधांपलीकडं असलेली आई वळून बघायची.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. आईच्या बांगड्या फोडायला आलेल्या बायांशी मी भांडले, त्या फोडू दिल्या नाहीत. मला वाटलं, मी मोठी लढाई जिंकले. कुंकू मात्र आईनं स्वतःच पुसलं, कुणी सांगायच्या आधी, मोरीत जाऊन. ती बाहेर आली तेव्हा दादा दारातच उभा होता. त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून तिला दाखवलं. रडण्याच्या गडबडीत ती विसरली असं त्याला वाटलं असावं. आईनं मान खाली घातली. तेव्हा तो देवघरात गेला, कुंकवाचा करंडा घेऊन आला आणि माणसांनी भरलेल्या सोप्यात तिच्यासमोर धरून उभा राहिला. चुलतीनं करंडा त्याच्या हातातून ओढून घेतला. थोडं कुंकू त्याच्या सदऱ्यावर सांडलं आणि तो तसाच बराच वेळ उभा होता.

नंतरचे काही महिने आमचा बाजार बंदच होता. दादा घरात, शेतात आईला पूर्वीसारखीच हाक मारत होता. मग आम्ही पुन्हा बाजाराला जायला लागलो. पहिल्याच बाजारी, गर्दीत आई थोडी पुढं गेली. दादाला तिला काहीतरी दाखवायचं होतं, बहुतेक नवीन विळा. त्यानं कपाळावर बोट टेकवलं आणि ‘आँ’ करून ओरडला. आई वळली. तिच्याबरोबर आजूबाजूच्या दहा बायकाही वळल्या. धिप्पाड, पिकल्या मिशांचा बाप्या कपाळाला बोट लावून ओरडतोय आणि समोर मोकळ्या कपाळाची म्हातारी. एक जण तोंडाला पदर लावून हसली. दुसरी हसली नाही, ती आईकडं कीव करून बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं. चुलतीही त्या दिवशी बाजारात होती.

‘‘अगं, त्येला सांग की जरा,’’ ती मला म्हणाली. ‘‘भर बाजारात आयचं कपाळ दावतोय. लोकं बघत्यात.’’

मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. लोकांना बघू द्या, असं म्हणायला हवं होतं. आजूबाजूच्या गावांत विधवांच्या असल्या प्रथा बंद करायचे ठराव झाले होते, आम्ही शाळेत त्यावर मोठमोठ्यानं बोलत होतो. पण मी गप्प बसले. आई परत जाताना स्टँडवर म्हणाली, ‘‘त्येला दुसरं कायतरी शिकीव बाई. तुझं आयकतोय त्यो. मला लाज वाटती.’’ मी लगेच हो म्हणाले. बाजाराला शिकवण्यापेक्षा दादाला शिकवणं सोपं होतं, आणि दादाला शिकवण्यात माझा हातखंडा आहे असं मी समजत होते.

नवीन खूण मीच काढली. डोक्यावरून पदर ओढल्यासारखा हात. आई डोक्यावरून पदर घ्यायला लागलीच होती, तेव्हा खूण अगदी चपखल आहे असं मला वाटलं. सुट्टीच्या दिवशी मी कुंडलला जायचे. आईकडं बोट दाखवायचे आणि पदर ओढायचे. दादा मान हलवायचा आणि कपाळावर बोट न्यायचा. मी त्याचं मनगट धरून हात खाली आणायचे. पुन्हा पदर. पुन्हा त्याचं बोट कपाळाकडं. पुन्हा मनगट. त्यानं बरोबर केलं की मी त्याच्या हातावर थोपटायचे. माझी सगळी हुशारी त्या थोपटण्यात होती.

बाजारात तर मी त्याच्या मागं अर्धं पाऊल उभी राहायचे ती आता पहारा द्यायला. त्याचा हात वर जायला लागला की मी धरायचे आणि डोळ्यांनी आजूबाजूच्या माणसांकडं दाखवायचे. बघतायत, नको. दोन-चारदा त्यानं मला हिसडा दिला. एकदा तोंड फिरवून, माझी पाठ आहे असं समजून, पटकन कपाळाला बोट लावून घेतलं. मी तेही पकडलं. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. साधारण तीन महिन्यांत तो शिकला. कपाळाचं बोट थांबलं. चुलती म्हणाली, ‘‘बरं झालं गं, लय शाना हाय तसा.’’ आई बाजारात जरा ताठ चालायला लागली होती आणि मला तेवढं पुरलं.

वडिलांची खूण मात्र तशीच राहिली. चहाच्या गाड्याजवळून जाताना दादा बाकड्याकडं बघून सॅल्यूट ठोकायचा आणि गाडेवाला हातातली किटली खाली ठेवून हळवा व्हायचा. ‘‘बापावर लय जीव हुता,’’ म्हणायचा. त्या खुणेला कुणाची हरकत नव्हती. मेलेल्या बापाला त्यानं भर बाजारात खुशाल बोलवावं, जिवंत आईला नाही, असा तो हिशेब. मला हे तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते फार उशिरा.

गेल्या वर्षी सुगीच्या आधीची गोष्ट. आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या भाजीवालीजवळ उभे होतो. तिची मेथी संपत आली होती आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जुडी देत होती. दादाला ती जुडी हवी होती. त्यानं हात हलवून तिचं लक्ष वेधलं, डोक्यावरून पदर ओढायची खूण केली आणि मग तिच्याकडं बोट करून मेथी मागितली. मी हसले. मला वाटलं, तो आईसाठी मागतोय. पण पुढं चिरमुऱ्यांच्या पालाशी एक ओळखीची म्हातारी भेटली, तिच्याकडंही त्यानं तसाच पदर ओढला. मग स्टँडवर बसलेल्या एका बाईकडं. त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याला जो शब्द दिला होता त्याचा अर्थ त्यानं बरोबर लावला होता. डोक्यावरून पदर घेणारी, कपाळ मोकळं असलेली म्हातारी. त्या बाजारात अशा पुष्कळ होत्या, आणि आई त्यांतली एक होती.

आईच्याही ते ध्यानात आलं. एस.टी. यायची होती. ती पिशवीवर हात ठेवून बसली होती.

‘‘म्हंजी मी आन ती भाजीवाली येकच की,’’ ती म्हणाली.

‘‘तसं न्हाई गं आई.’’

‘‘तसंच हाय. आन कवापास्नं त्येचा आवाज न्हाई माज्या कानावर. तुला म्हाईत हाय?’’

मला माहीत नव्हतं. मी मागं जाऊन आठवायला लागले. कपाळाचं बोट थांबलं त्याच दिवसांत तो आवाजही थांबला होता. बोट आणि आवाज मिळून एकच शब्द होता, अर्धा काढून घेतल्यावर उरलेला अर्धा त्याच्या गळ्यातून निघत नव्हता. आता काही हवं असलं की तो आईजवळ चालत जायचा आणि खांद्याला हात लावायचा. ती परसात असली तर परसात, शेतात असली तर शेतात, दोन बांध ओलांडून. आईनं मला हे सगळं सांगितलं. ती रडत वगैरे नव्हती. ‘‘पन्नास वर्सं झाली, तेवढी येकच हाक हुती मला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी समदी आय म्हनता त्ये काय, समद्यांस्नीच म्हनत्यात. त्येला जुनंच करू दी आता. लोकांचं काय मराना.’’

मी पुन्हा सुट्टीच्या दिवशी कुंडलला जायला लागले. दादासमोर बसून माझ्या कपाळाला बोट लावायचे आणि आईकडं दाखवायचे. तो दुसरीकडं बघायचा. उठून गोठ्यात जायचा. एकदा मी त्याचंच बोट धरून त्याच्या कपाळाकडं न्यायला लागले तर त्यानं हात असा आखडून घेतला की मला पुढं रेटवेना. घरात करत नसेल तर बाजारात करेल, असं आईनं काढलं. तिचं म्हणणं होतं, घरात ती समोरच असते, हाक मारायची गरजच पडत नाही. बाजारात ती लांब गेली की त्याला हाक मारावीच लागेल. मला ते पटलं. खरं तर दुसरं काही सुचत नव्हतं.

‘‘मी पाठ करून हुबी ऱ्हाते,’’ ती म्हणाली. ‘‘त्येनं हाक मारली की वळते.’’

बाजाराच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर गाठलं. आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. आम्ही भाजी घेतली, दादाच्या हातात पिशव्या दिल्या, आणि आई मला डोळ्यांनी खुणावून गर्दीतून पुढं गेली. तीन-चार पालं ओलांडून ती मडक्यांच्या ढिगाशी थांबली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. दादा तिच्याकडं बघत होता. तिला सोडून आपण का थांबलोय ते त्याला कळत नव्हतं. तो चालायला लागला तसा मी त्याचा दंड धरला. तिला बोलाव, मी खूण केली. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग मी इकडंतिकडं बघितलं, हो, मीही आधी बघितलंच, आणि माझ्या कपाळावर बोट टेकवून आईच्या पाठीकडं हात केला.

दादानं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा हात कपाळावरून खाली आणला. जोर लावला नाही, हलकेच आणला. डोळ्यांनी मला आजूबाजूची माणसं दाखवली. एक बाई खरंच आमच्याकडं बघत होती. त्यानं मान हलवली, नको. मी हात वर नेला नाही हे बघून त्यानं माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि पिशव्या पुन्हा उचलल्या.

आई तिकडं तशीच उभी होती. मडकीवाला तिला काहीतरी विचारत होता, ती मान हलवून नाही म्हणत होती. तिनं एका कानावरचा पदर मागं सारला होता. शेवटी मी दादाला घेऊन पुढं गेले आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती चटकन वळली.

‘‘मारली व्हय त्येनं?’’ तिनं विचारलं. ‘‘गलका लय हाय हितं. मला आयकाय आलं न्हाई.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले. ‘‘मारली.’’

तिनं दादाकडं बघितलं. तो पिशवीतल्या मेथीवर पडलेलं वांगं उचलून खाली सारत होता.

‘‘मग परत येकदा मारू दी,’’ ती म्हणाली आणि पुन्हा आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.